मॅनेजरसाठीचा नेतृत्व आणि टीम कोचिंगचा वर्ग: चार महिन्यांनंतरचा अभिप्राय

नेतृत्व आणि टीम कोचिंग शिकवणाऱ्या एका संस्थेचा सहा सत्रांचा वर्ग पूर्ण करून मला आता चार महिने झाले आहेत. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा छापील कागद हाती आला तेव्हा मी सगळ्याच रकान्यांत ‘उत्तम’ असे लिहून दिले होते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडायला सुरुवात केलेल्या पद्धतीत प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार पायऱ्यांवर होते: शिकणाऱ्याला ते कसे वाटले, तो काय शिकला, कामावर परतल्यावर त्याचे वागणे बदलले का, आणि त्यामुळे प्रत्यक्ष कामात काय फरक पडला. शेवटच्या दिवसाचा कागद पहिल्याच पायरीवर थांबतो, म्हणून तिसऱ्या पायरीबद्दल काही सांगता येईल इतका काळ जाऊ दिला.

सुरुवातीच्या सत्रात कोचिंगवरील लेखक जॉन व्हिटमोर यांच्यामुळे सर्वदूर पोहोचलेली ‘ग्रो’ पद्धत, म्हणजे सल्ला न देता प्रश्न विचारून समोरच्याला स्वतःचा मार्ग शोधू देण्याची रीत, शिकवली गेली. आधी ध्येय, मग सद्यःस्थिती, मग पर्याय आणि शेवटी निश्चय, असा तिचा क्रम आहे. तो समजायला अर्धा तास पुरतो आणि त्यासाठी कोणी वर्गात जाण्याची गरज नाही.

वर्गाचे खरे मोल तिघातिघांच्या सरावात आहे. एकाने आपली खरी अडचण मांडायची, दुसऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे आणि तिसऱ्याने एक शब्दही न बोलता निरीक्षण करायचे, असा हा सराव प्रत्येक सत्रात पाऊण तास चालतो. माझ्या पहिल्या सरावानंतर निरीक्षक सहकाऱ्याने वही माझ्यापुढे सरकवली. पानावर मधोमध उभी रेघ होती. डावीकडे माझ्या खऱ्या प्रश्नांसाठी तीन खुणा आणि उजवीकडे आठ. उजवीकडच्या रकान्याला त्याने ‘प्रश्नाच्या वेषातला सल्ला’ असे नाव दिले होते. ‘तुम्ही त्यांच्याशी थेट बोलून पाहिले नाही का?’ हे वाक्य मी प्रश्न समजून विचारले होते, पण समोरच्याला त्यात माझा निर्णयच ऐकू आला होता. वर्षानुवर्षे टीम सांभाळताना आपण ऐकून घेतो अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती त्या पानाने दूर केली, आणि कोणत्याही व्याख्यानाने ते काम इतक्या स्पष्टपणे केले नसते.

कामावर परतल्यावर त्याचा उपयोग लगेच झाला. आमच्या टीममधील एका सहकाऱ्याचा साप्ताहिक अहवाल सतत उशिरा येत असे आणि मी दरवेळी त्याला वेळेच्या नियोजनाबद्दल सांगत आलो होतो. या वेळी ‘यात नेमके कुठे अडते?’ एवढेच विचारून मी थांबलो. ती शांतता मला जड गेली, पण थोड्या वेळाने तो म्हणाला, “सर, दुसऱ्या विभागाचे आकडे माझ्याकडे गुरुवारी संध्याकाळी येतात आणि अहवाल शुक्रवारी सकाळी द्यायचा असतो.” आकडे बुधवारी मागवून घेण्याची सोय एका फोनवर झाली. इतके महिने मी चुकीच्या माणसाला चुकीचा सल्ला देत होतो, याची खंत मात्र अजून आहे.

टीम कोचिंगचा भाग दुबळा आहे, आणि वर्गाच्या नावातच तो असल्याने ही उणीव किरकोळ म्हणता येत नाही. सहापैकी एकच सत्र त्याला दिले आहे आणि त्यातही ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये मांडलेले टप्पे (एकत्र येणे, खटके उडणे, घडी बसणे आणि कामाला गती येणे) एखाद्या वेळापत्रकासारखे शिकवले गेले. टकमन यांनी ते प्रामुख्याने उपचार-गट आणि प्रशिक्षण-गटांवरील उपलब्ध अभ्यासांच्या आधारे मांडले होते, याचा उल्लेखही झाला नाही. प्रत्यक्षात एक जुना माणूस गेला आणि नवा आला की बसलेली घडी विस्कटते, आणि तेव्हा काय करायचे हाच मॅनेजरचा रोजचा प्रश्न असतो.

संशोधक एमी एडमंडसन यांचे मानसिक सुरक्षिततेवरील (टीममध्ये चूक किंवा शंका न घाबरता बोलून दाखवता येण्यावरील) काम दहा मिनिटांत उरकले गेले, याचे तर वाईट वाटले. रुग्णालयांतील टीमचा अभ्यास करताना चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी नोंदल्या जातील अशी त्यांची अपेक्षा होती, पण तिथे नोंदी अधिक निघाल्या. कारण तिथले लोक चुकांबद्दल मोकळेपणाने बोलू शकत होते. हे समजलेला मॅनेजर ‘आमच्याकडे काहीच तक्रार नाही’ या वाक्याने निश्चिंत होणार नाही. याच धड्याच्या विरुद्ध वर्तन वर्गातही घडले: आमच्या तुकडीत एक वरिष्ठ आणि त्यांच्याच हाताखालचा मॅनेजर एकत्र होते, आणि अडचण मांडायची पाळी आली की तो मॅनेजर प्रत्येक वेळी सुट्टीच्या अर्जासारखा निरुपद्रवी विषय निवडत असे.

ज्यांच्या हाताखाली पाच-सहा माणसे आहेत आणि ज्यांचा दिवस एकेकाशी बोलण्यात जातो, त्यांनी हा वर्ग अवश्य करावा. संपूर्ण टीम एकत्र बसवून शिकायचे असेल, तर आधी किती सत्रे टीमसाठी आहेत हे विचारून घ्यावे. माझ्या दोन सहकाऱ्यांची नावे मी पुढच्या वर्गासाठी दिली आहेत, मात्र त्यांना वेगवेगळ्या तुकड्यांत बसवावे असे संस्थेला लेखी कळवले आहे.