यामाहा आरएक्स-व्ही३८५ आणि वॉर्फडेल डायमंड १२.१ : आधी चुकलो, मग जमलं

रिव्ह्यू यामाहाच्या रिसिव्हरचा (टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकर वाजवणारा अ‍ॅम्पचा डबा) लिहू की वॉर्फडेलच्या स्पीकरचा हे ठरवता येईना म्हणून दोघांचा एकत्रच लिहितोय, कारण गेल्या आठ महिन्यात मला एकच गोष्ट कळली आहे की हे दोघं नवराबायकोसारखे आहेत, वेगवेगळे कितीही चांगले असले तरी एकत्र नांदतील की नाही ते घरी आणल्याशिवाय कळत नाही. आणि पत्रिका बघायची म्हणजे बॉक्सवरचे वॉट बघायचे नाहीत. मी तेच बघितले होते.

आमचा हॉल डोंबिवलीतला, १० बाय १५. सोफा टीव्हीपासून साधारण ९ फुटांवर. व्ही३८५ घेतला कारण ५.१ (पाच स्पीकर आणि बेससाठी एक वेगळा सबवूफर) पुरे होतं, ब्लूटूथ होतं, एचडीएमआयचे चार इनपुट होते आणि बरोबर यपाओचा (खोलीप्रमाणे स्पीकर आपोआप जुळवणारी यामाहाची सोय) माईक येतो. आधीच सांगतो, यात अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही येणारा आवाज) नाही, वायफाय नाही, आणि पुढच्या स्पीकरना वेगळा अ‍ॅम्प जोडायला प्रीआऊटही नाहीत, फक्त सबवूफरचा एक आहे. म्हणजे जी काय ताकद आहे ती डब्याच्या आतलीच, उद्या वाढवू म्हणाल तर नाही वाढवता येणार. हे मला घेताना माहीत होतं पण त्याचा अर्थ काय ते नंतर कळलं.

स्पीकर मात्र विकत घेतले नव्हते. मावसभाऊ बंगळुरूला शिफ्ट झाला तो जाताना त्याचे टॉवर देऊन गेला, कमरेएवढे, लाकडी, बघूनच माणूस गप्प बसेल असे. मागे स्टिकर, ४ ओम, २०० वॉट. मला वाटलं लॉटरी लागली. फुकटचे टॉवर आणि नवाकोरा रिसिव्हर, अजून काय पाहिजे.

पहिल्या रविवारी अर्ध्या पिक्चरपर्यंत सगळं छान. मग मारामारी सुरू झाली, मी आवाज वाढवला, आणि टप्प करून रिसिव्हर बंद. टीव्हीवर चित्र पण गेलं. परत चालू केला, दहा मिनिटांनी परत टप्प. वरून हात लावला तर इस्त्रीसारखा गरम. त्यात आमच्या बायकोने धूळ बसते म्हणून तो काचेचं दार असलेल्या खणात ठेवलेला, ते दार आधी काढलं. थोडा फरक पडला पण आवाज चढवला की परत तेच.

हे का होतं ते साध्या गणितात सांगतो, शाळेतलंच आहे. आमचा रिसिव्हर ७० वॉटचा, आणि ओम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो ते. ७० वॉट ८ ओमला द्यायचे म्हणजे अ‍ॅम्पला साधारण २४ व्होल्ट आणि ३ अँपिअर द्यावे लागतात. तोच २४ व्होल्ट ४ ओमच्या स्पीकरला लावला की करंट डबल, ६ अँपिअर. नळ तोच, पण पाईप दुप्पट रुंद, टाकी भराभर रिकामी. छोट्या रिसिव्हरचा ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक एवढ्यासाठी बनवलेलेच नसतात, मग तो स्वतःला वाचवायला बंद होतो, आणि ते चांगलंच करतो. मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय की कमीत कमी ६ ओमचे स्पीकर लावा. मॅन्युअल मी वाचलं नव्हतं, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच होतं. म्हणजे यात यामाहाची काही चूक नाही, चूक आमचीच.

मग एका मित्राने सांगितलं की स्ट्रेट बटण दाबून धरून पॉवर चालू कर, एक लपलेला मेनू येतो, त्यात एसपी आयएमपी (स्पीकर इम्पिडन्स, म्हणजे ओमच) म्हणून सेटिंग असतं, ८ चं ६ कर. केलं. बंद पडायचं कमी झालं पण आवाजातला जीव गेला, कारण ते सेटिंग स्पीकरला काही मदत वगैरे करत नाही, अ‍ॅम्पलाच आतून लगाम घालतं. घोडा दमतोय म्हणून त्याला चालवायचंच नाही असला प्रकार. परत ८ वर आणून ठेवलं.

तरी टॉवर सोडवेनात, कारण फुकटचे होते. सोडले ते सेन्सिटिव्हिटीचा आकडा कळल्यावर. हा आकडा आपल्याकडे दुकानात कोणी सांगत नाही आणि खरं म्हणजे हाच आधी विचारायचा असतो. स्पीकरला १ वॉट दिला आणि १ मीटरवरून मोजलं तर किती डेसिबल येतात तो हा आकडा. आणि ३ डेसिबल वाढवायचे तर वॉट दुप्पट लागतात. म्हणजे ८८ डीबीचा स्पीकर असेल तर १ वॉटला ८८, २ ला ९१, ४ ला ९४, ८ ला ९७, १६ ला १००, ३२ ला १०३, ६४ ला १०६, इथे आमच्या रिसिव्हरची हद्द आली. बघा ना, शेवटच्या ३ डेसिबलसाठी ३२ वॉट खर्च झाले आणि पहिल्या ३ साठी एकच. म्हणून ७० वॉटचा घेऊ की १०० वॉटचा यावर लोक रात्र रात्र भांडतात त्यात फरक दीड डेसिबलचा असतो, जो तुमच्या आमच्या कानाला जेमतेम कळेल.

आता टॉवरचं बघा. मागे लिहिलेलं ८७ डीबी, मला वाटलं बरंय की. पण त्यापुढे बारीक अक्षरात २.८३ व्होल्ट असं होतं. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओमला १ वॉट, पण ४ ओमला २ वॉट. म्हणजे खरा हिशोब केला तर १ वॉटला ८४ च. ९४ डीबी काढायला टॉवरला १० वॉट आणि ८८ वाल्याला ४, वर टॉवर करंट ओढणार तो वेगळाच. गणपतीच्या मंडपातला भोंगा कधी विचार केलाय का एवढ्याशा अ‍ॅम्पवर अख्खी गल्ली कशी हलवतो, त्याचं कारण हेच, भोंग्याची सेन्सिटिव्हिटी खूप जास्त. दिसायला मोठा स्पीकर मोठा वाजतो असं काही नसतं.

मग एक शनिवार मुंबईत लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. ज्या दुकानात गेलो त्याचं नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता, चहा पण पाजला. पण सेन्सिटिव्हिटी किती विचारलं तर म्हणाला "साहेब, एकदम सेन्सिटिव्ह आहे". मग म्हणाला शंभर वॉटच्या स्पीकरला शंभर वॉटचाच अ‍ॅम्प लागतो, तुमचा सत्तरचा आहे, रिसिव्हर बदला, मी जुना घेतो. हे ऐकून पूर्वी मी बदललाही असता. स्पीकरवर लिहिलेले वॉट म्हणजे तो किती सहन करेल ते असतं, किती मागेल ते नसतं. कमी वॉटचा अ‍ॅम्प लावून स्पीकर जळत नाही. अ‍ॅम्पला त्याच्या कुवतीबाहेर पिळलं, आवाज फाटायला लागला तरी तसाच चालू ठेवला, तर ट्विटर (बारीक आवाजाचा छोटा पडदा) जळतो. त्याच दुकानात कोपऱ्यात एक ५.१ चा सेट होता, वर पीएमपीओचे (जाहिरातीपुरते फुगवलेले) असे काही हजार वॉट छापलेले की महावितरणने वेगळं मीटर दिलं पाहिजे.

बाजूच्या गल्लीत दुसऱ्याकडे डायमंड १२.१ ऐकले. त्याने स्वतःहून विचारलं हॉल केवढा, रिसिव्हर कुठला, भिंतीला चिकटून ठेवणार का. तिथेच निम्मा निर्णय झाला. ८ ओम, ८८ डीबी, कंपनी म्हणते २० ते १०० वॉटचा अ‍ॅम्प लावा, आमचा ७० चा बरोबर मध्ये. ५ इंची वूफर (जाड आवाजाचा पडदा) आहे त्यामुळे खालचा बेस स्वतः नाही देत, आणि देऊही नये, त्यासाठी सबवूफर असतो. सेंटरपण (टीव्हीखालचा मधला स्पीकर) त्याच घराण्यातला घेतला, १२.सी. इथे पैसे वाचवू नका, वाटल्यास मागचे सराउंड कुठलेही लावा, माझे अजून जुनेच आहेत आणि काही बिघडत नाही. पण पुढचे तीन एकाच सिरीजचे पाहिजेत, कारण गाडी डावीकडून उजवीकडे गेली की मध्येच तिचा आवाज बदलायला नको, आणि पिक्चरमधलं बहुतेक सगळं बोलणं सेंटरमधूनच येतं. आईची कायमची तक्रार होती की "बोलतात ते ऐकू येत नाही आणि ढिशूम ढिशूम शेजारच्या काकूंकडे जातं", ती सेंटरची तक्रार होती, टॉवरच्या काळात सेंटर नव्हताच आमच्याकडे.

काळी-पिवळीने दादर, तिथून लोकल, तीन खोकी आणि मी, गर्दीत लोक काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

घरी येऊन जोडले आणि आवाज कसलातरी. बेस नाही, गाणारा माणूस नक्की कुठे उभा आहे तेच कळेना, डोक्याच्या आजूबाजूला धूर पसरल्यासारखा आवाज. पंचेचाळीस मिनिटं मी स्पीकरला शिव्या घातल्या. मग माईक लावून यपाओ चालवला तर स्क्रीनवर डब्ल्यू-१ आलं, आउट ऑफ फेज. डाव्या स्पीकरची लाल वायर काळ्यात. म्हणजे एक पडदा पुढे जातोय तेव्हा दुसरा मागे, आणि दोघांचा बेस एकमेकाला खातोय. खात्री करायची तर पेन्सिल सेल घ्या, स्पीकरच्या वायरची रिसिव्हरकडची टोकं सोडवा आणि सेलला क्षणभर लावा, सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर वूफर बाहेर येतो, उलटं असेल तर आत जातो. जाळी काढून बघितलं, डावा आत गेला, उजवा बाहेर. मुलीला हा खेळ इतका आवडला की दोन सेल संपवले. वायर सुलट केली आणि गाणारा माणूस टीव्हीच्या बरोबर मधोमध येऊन उभा राहिला, सेंटर बंद ठेवून सुद्धा. तो क्षण मला दुकानातल्या डेमोपेक्षा जास्त आवडला.

वायरीवरून आठवलं, सोन्याच्या भावाची वायर घेऊ नका. तांब्याची १.५ स्क्वेअर एमएमची साधी फ्लेक्झिबल वायर ४-५ मीटरला भरपूर झाली. फक्त रेडिओबरोबर यायची ती केसासारखी लाल-काळी वायर नको.

यपाओ बद्दल. माईक सोफ्यावर कानाच्या उंचीवर ठेवायचा, मी बरण्या रचून त्यावर ठेवला, पंखा बंद, सगळ्यांना आत पाठवायचं, मग सुंईईई आवाज करत प्रत्येक स्पीकर तपासतो. अंतरं बऱ्यापैकी अचूक काढली. नंतर मी हाताने दोन गोष्टी केल्या. पुढचे स्पीकर स्मॉल केले आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवला. स्मॉल म्हणजे कमीपणा नाही, ८० च्या खालचं जड काम सबवूफरकडे गेलं की सबवूफरचा स्वतःचा अ‍ॅम्प ते ओढतो आणि रिसिव्हरच्या ७० वॉटवरचं ओझं उतरतं. आता तासभर मोठ्याने लावला तरी वरून कोमट असतो बस. प्रीआऊट नसलेल्या रिसिव्हरला हीच एक खरी मदत आहे.

सबवूफर १० इंची, सेकंडहँड. त्याची जागा शोधायची पद्धत जरा येड्यासारखी आहे पण चालते. सबवूफर सोफ्यावर, जिथे आपण बसतो तिथे ठेवायचा, बेसवालं गाणं लावायचं आणि आपण रांगत रांगत भिंतीकडेने फिरायचं, जिथे बेस गोल आणि नीट ऐकू येईल तिथे मग सबवूफर ठेवायचा. मी रांगताना आईने विचारलं "काय हरवलं?" जागा निघाली देवघराच्या खाली. तिथे नाही ठेवता येणार म्हणून दोन फूट बाजूला शूरॅकजवळ ठेवलाय, तिथे जरासा बुमतो, त्याचा आवाज थोडा खाली ठेवतो.

सेंटर टीव्हीखालच्या खणात आहे, आत ढकलून ठेवला तर डब्यात बोलल्यासारखं येत होतं, म्हणून तोंड खणाच्या कडेपर्यंत पुढे ओढलं आणि पुढच्या बाजूला खाली दोन खोडरबर लावून कानाकडे थोडा उचलला. खोडरबर मुलीचे आहेत, परत मागतेय.

ताकद पुरते का. हिशोब सांगतो, १ मीटरवर १०६, ९ फुटांवर येईपर्यंत मोकळ्या जागेत साधारण ९ कमी होतील, खोलीत भिंतींमुळे त्याहून कमी, दोन स्पीकर म्हणून ३ वाढवा, म्हणजे सोफ्यावर १०० च्या आसपास. थिएटरची रेफरन्स लेव्हल १०५ च्या शिखरांची असते, तिथे हा सेट पोचत नाही. पण त्याच्या १५ डीबी खाली लावला तरी आमचे खालचे जोशी काका वर येतील, त्यामुळे मला त्याचं दुःख नाही. तुमचा हॉल १५ बाय २५ असेल आणि सोफा लांब असेल तर मात्र ही जोडी घेऊ नका, एकतर ९० च्या वरच्या सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर बघा नाहीतर प्रीआऊटवाला रिसिव्हर.

रिसिव्हरला मी पाचात चार देतो, स्पीकरना साडेचार, अर्धा कापला तो जुन्या गाण्यांसाठी, तिथे वरचा आवाज मला थोडा जास्तच सभ्य वाटतो. आईचा मार्क वेगळा आहे, ती आता सिरियल बघताना सबटायटल लावायला सांगत नाही.

टॉवर अजून गॅलरीत उभे आहेत, एकावर तुळस आणि एकावर कोरफड. स्पीकर चांगले आहेत हो, माझ्याकडे त्यांना पुरणारा अ‍ॅम्प नाही एवढंच. ४ ओमला दम न सोडणारा अ‍ॅम्प कोणाकडे असेल तर घेऊन जा, पैसे नकोत, मावसभावाला विचारलंय. फक्त तिसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही.