शिकागो वेस्ट लूपमधला मेक्सिकन ब्रंच : भिंत झकास, ताट भकास

नाव घेत नाही, उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला, पण वेस्ट लूपमध्ये ती चकचकीत मेक्सिकन ठिकाणं झालीयेत ना, भिंतीवर निऑन पाटी, छताला कागदी फुलं आणि प्रत्येक टेबलावर कुणीतरी फोटो काढतंय, त्यातलंच हे एक. नेपरव्हिल उपनगरातून खास गाडी काढून गेलो होतो, आई भारतातून आलीये तिला म्हणलं जरा वेगळं काहीतरी खाऊ घालू.

रविवारी साडेअकराचं रिझर्व्हेशन, टेबल मिळालं बारा दहाला. होस्टेस बाईंना त्याचं काही सोयरसुतक नाही, तोवर बारपाशी ड्रिंक घ्या म्हणे. आईचे गुडघे दुखतात, ती कुठे बारपाशी उभी राहणार, शेवटी बिचारी दाराशी फुलांच्या कुंडीच्या कठड्यावर बसली.

चिप्स आणि साल्साचे, म्हणजे टोमॅटो-मिरचीच्या चटणीचे, सात डॉलर. साध्यातल्या साध्या मेक्सिकन हॉटेलात बसल्या बसल्या ती टोपली फुकट आणून ठेवतात हो! बरं घ्या पैसे, पण साल्साला भाजलेल्या मिरचीचा वास तरी हवा की नको, हे नुसतं टोमॅटोचं गार पाणी.

मी मागवले चिलाकिलेस, एकोणीस डॉलर. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, ही मेक्सिकोची फोडणीची पोळी समजा, कालच्या उरलेल्या मक्याच्या टॉर्टियाचे, म्हणजे पातळ भाकऱ्यांचे, तुकडे करून तळायचे आणि अगदी वाढायच्या वेळी गरम साल्सात परतायचे, वरून क्रीम, चुरलेलं चीज, कांदा, हवं तर अंडं. सगळी गंमत त्या वेळेत आहे, कडा अजून कुरकुरीत आणि मधे साल्सा मुरलेला. इथे ताट आलं तेव्हा वरचे चार तुकडे कडक, ते फोटोसाठी, आणि खाली काटा घातला तर सगळा लगदा, आधीच कालवून, ताटं गरम ठेवतात त्या दिव्याखाली ठेवला असणार कारण क्रीमवर साय धरली होती. हिरवा साल्सा टोमॅटियोचा (टोमॅटोसारखं दिसणारं छोटं हिरवं फळ) असतो, त्याला एक छान आंबटपणा असतो, यांचा गोडसर. अंड्याचा पिवळा बलक वाहायला हवा तो पार घट्ट आणि तुकडेही पाकिटातल्या चिप्सचे वाटले, म्हणजे मूळ मुद्दाच गेला. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, मग दळून पीठ करतात, त्या टॉर्टियाला जो एक खमंग वास असतो तो इथे औषधालाही नाही. नवऱ्याच्या एंचिलाडावरचं, म्हणजे सारण भरून गुंडाळलेल्या टॉर्टियावरचं, मोले खरं तर वाळक्या मिरच्या-मसाल्यांचा दाट सॉस, इथे नुसता चॉकलेट सॉस, जाऊ दे.

आता खरा संताप. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. वेटरला मी बसल्या बसल्या विचारलं की बीन्समध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असते का, पारंपरिक रीफ्राइड बीन्स त्यातच परततात म्हणून. तर पठ्ठ्या आत न जाता, न विचारता, हसून म्हणाला सगळं व्हेज. आईने बीन्स आणि नोपालेस म्हणजे निवडुंगाच्या पानांचे टाको घेतले, निवडुंग खातात हे ऐकून तिला भलतंच कौतुक वाटलं होतं. अर्धा टाको संपल्यावर दुसरी वेट्रेस भाताची वाटी घेऊन आली, तिला सहज विचारलं की भात चिकनच्या पाण्यात नाही ना शिजवलाय, ती बिचारी प्रामाणिक, किचनमध्ये जाऊन आली आणि म्हणाली भात ठीक आहे पण बीन्समध्ये लार्ड आहे. आईने हातातला टाको ताटात ठेवला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "असू दे गं, त्याला बोलू नकोस, पोरगा आहे." मी बोललेच. मॅनेजर आला, टाकोचे पैसे वगळतो म्हणाला, सॉरी मात्र "तुम्हाला तसं वाटलं असेल तर" छापाचं. मला वाटलं नाही हो, तिच्या पोटात गेलंय ते!

बिलावर शिकागोचा जवळपास बारा टक्के टॅक्स, तो या भागात सगळीकडेच आहे, पण वीस टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला आणि खाली परत टिपची रिकामी ओळ. कसली सर्व्हिस? काफे दे ओया मागवली होती, मातीच्या भांड्यात दालचिनी आणि मेक्सिकन गूळ घालून उकळतात ती, तर मशीनच्या कॉफीवर दालचिनीची पूड भुरभुरून आणली, सहा डॉलर. होर्चाता मात्र उत्तम होतं, तांदूळ भिजवून वाटलेलं, दालचिनीचं, गार, आईने दोन ग्लास घेतले. श्रेय द्यायला हवं.

पाचपैकी दीड. त्यापेक्षा पिंक लाइनच्या ट्रेनने सरळ पिल्सेनला, शिकागोतल्या मेक्सिकन वस्तीत, जा, 18th स्ट्रीट स्टेशनच्या जिन्यापासूनच चित्रं रंगवलेली आहेत, आजूबाजूला बेकऱ्या, टाकेरिया म्हणजे टाकोची दुकानं, रविवारी घरची माणसं रांगा लावून मेनुदो (वजडीचं सूप) आणि कार्निटास (डुकराचं मऊ शिजवलेलं मांस) नेतात तिथे. जवळच मेक्सिकन कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तेही फुकट. शाकाहारी असाल तर कुठेही जा, व्हेज आहे का असं विचारू नका, "सिन मांतेका, सिन काल्दो दे पोयो" असं स्पॅनिशमध्ये म्हणा, म्हणजे चरबी नको आणि चिकनचं पाणी नको, आणि समोरचा आत जाऊन विचारून येईपर्यंत ऑर्डर देऊ नका.