मातीचं हातगिरमिट: भूदृश्य पुरातत्त्वाच्या अभ्यासासाठी कितपत कामाचं?

भूदृश्य आणि पर्यावरण पुरातत्त्व शिकवणाऱ्या विभागात खरेदीचा विषय निघाला की पहिलं नाव ड्रोनचं येतं. ड्रोन हवाच, पण त्याला दिसतो तो आजचा पृष्ठभाग. काही हजार वर्षांपूर्वी नदी कुठून वाहत होती, कोरडी उंच जमीन कुठे होती, दलदल कुठवर पसरली होती, याचा पुरावा पुष्कळदा दोन-तीन मीटर गाळाखाली असतो. खड्डा न खणता तिथवर पोचायला हातगिरमिटाइतकं (हाताने जमिनीत भोक पाडून खालची माती वर आणणाऱ्या अवजाराइतकं) भरवशाचं साधन दुसरं नाही, असं आमचं ठाम मत आहे.

नेहमीच्या संचात 7 सेंटिमीटर व्यासाचं एडलमन पातं, 3 सेंटिमीटर व्यासाची आणि 1 मीटर लांबीची अर्धनळी (म्हणजे गाऊज), मीटरभर लांबीचे जोडदांडे आणि आडवी मूठ एवढं येतं. दोन्ही डोक्यांची, म्हणजे दांड्याच्या टोकाला लागणाऱ्या पात्याची आणि अर्धनळीची, कामं वेगळी आहेत. एडलमन फिरवत आत न्यायचं. कठीण, कोरड्या वरच्या थरातूनही ते वाट काढतं, पण माती कालवून वर आणतं, त्यामुळे थराची सीमा नेमकी सांगता येत नाही. अर्धनळी सरळ ढकलायची, खोली गाठल्यावर एक पूर्ण फेरा द्यायचा आणि ओढायची. तिच्यात मातीचा गाभा जसाच्या तसा, थरांसकट मिळतो. म्हणून वरचा टणक भाग एडलमनने काढायचा आणि खाली मऊ गाळ लागला की अर्धनळीवर यायचं.

अर्धनळी वर आली की खरं काम सुरू होतं, आणि बहुतेक चुका इथेच होतात. गाभ्याचा दर्शनी भाग नळी आत जाताना चोपडला गेलेला असतो. तो चाकूने तासायचा, पण आडवा, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे. वरून खाली चाकू ओढला तर वरच्या थराची माती खालच्या थरावर सारवली जाते आणि सीमाच नाहीशी होते. पुढच्या प्रत्येक फेरीत नळीच्या वरच्या काही सेंटिमीटरांत भोकाच्या भिंतीवरून पडलेली माती असते, ती टाकून द्यायची. रंग मुन्सेल तक्त्यावर (मातीचा रंग जुळवून पाहायच्या प्रमाणित रंगपट्ट्यांवर) लगेच, ओल्या मातीवर, उजेडात पाहायचा. पाण्याखालची निळसर-करडी माती हवेशी संपर्क येताच तपकिरी व्हायला लागते. जेवणानंतर नोंद करू म्हटलं तर वेगळाच रंग लिहिला जातो. गंजाचे ठिपके दिसले तर भूजलपातळी तिथे वर-खाली होत होती. सलग निळसर-करडा थर लागला तर तो दीर्घकाळ पाण्याखाली राहिलेला असण्याची शक्यता मोठी, आणि बिया, लाकूड, कीटकांचे अवशेष टिकण्याची आशा अशाच जागी असते.

पोत बोटांनी ओळखायचा. वाळू खरखरते, पोयटा मैद्यासारखा लागतो, चिकणमातीची पट्टी ओढता येते आणि ती चकाकते. 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकून फेस येतो का पाहायचं. फेस आला तर चुना आहे, आणि मग परागकण फारसे टिकले नसतील असं धरून चालावं.

दाबली जाणारी माती ही या साधनाची मोठी अडचण. नळी 100 सेंटिमीटर आत गेली आणि गाभा 85 भरला, तर उरलेले 15 सगळ्या लांबीवर सारखे वाटून टाकायचा मोह होतो. तसं करू नये. पीट (दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर) जास्त दबतं, वाळू जवळपास दबत नाही. दोन्ही आकडे नोंदवायचे आणि 30 सेंटिमीटरवर दुसरं भोक घेऊन त्यातले टप्पे 50 सेंटिमीटरने सरकवायचे, म्हणजे एका गाभ्याचा जोड दुसऱ्याच्या मधोमध येतो.

आता मर्यादा, कारण विद्यार्थ्यांच्या प्रबंधात यावरच गाडी अडते. अर्धनळीच्या मीटरभर गाभ्यात साधारण 350 मिलिलिटर माती मावते, म्हणजे 10 सेंटिमीटरच्या थरामागे जेमतेम 35. परागकणांना 1 घन सेंटिमीटर पुरतो. जळालेल्या बियांसाठी मात्र कित्येक लिटर माती पाण्यात तरंगवून गाळावी लागते, ती इथून मिळणार नाही. तसंच, एका हेक्टरवर 7 सेंटिमीटरची 25 भोकं घेतली तरी एकूण पाहिलेली जागा 0.1 चौरस मीटरपेक्षा कमी. खापर मिळालं नाही म्हणून वस्ती नव्हती, असं या साधनाच्या जोरावर लिहिता येत नाही. गाडलेलं नदीपात्र, जुनी जमीन, गाळाची जाडी यांसारखे दहा-वीस मीटर पसरलेले घटक मात्र ते उत्तम दाखवतं. त्यासाठी भोकांची रांग दरीला आडवी घ्यावी, सुरुवातीला 25 ते 50 मीटर अंतराने, आणि जिथे थर बदलतात तिथे मध्ये भोकं वाढवावीत. प्रत्येक भोकाच्या तोंडाची उंची डंपी लेव्हलने (सर्वेक्षणाच्या दुर्बिणीने) किंवा आरटीके जीपीएसने (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएसने) घ्यावीच. मोबाइलची उंची काही मीटरने चुकते, आणि मग छेदचित्रात (भोकांच्या रांगेवरून काढलेल्या थरांच्या उभ्या चित्रात) नसलेले चढ-उतार उमटतात.

खरेदीच्या वेळी जोड नीट तपासा. आट्यांच्या जोडाचं गिरमिट उलटं फिरवलं तर डोकं सुटून भोकातच राहतं. खटक्याचा जोड घेतला तर हा धोका जातो, पण त्यात वाळू अडकते, म्हणून ब्रश जवळ ठेवावा. एडलमन एका वेळी पात्याच्या उंचीपेक्षा जास्त खाली नेलं की माती ठासून बसते आणि ओढताना पाठ धरते. पाय वाकवून, दोघांनी ओढावं. वापर झाल्यावर धुऊन कोरडं करा, पण डोक्याला खनिज तेल लावू नका. त्यात कार्बन-14, म्हणजे ज्याच्या उरलेल्या प्रमाणावरून नमुन्याचं वय काढतात तो किरणोत्सर्गी कार्बन, उरलेला नसतो. त्याचा अंश नमुन्यात गेला तर तारीख खऱ्यापेक्षा जुनी येते.

मोठे खडे, भरावाची जमीन आणि भूजलाखालची सैल वाळू, या तिन्हींपुढे संच हात टेकतो. ओली वाळू तर नळीतून गळूनच जाते. मुख्य काम दलदलीतल्या परागकणांचं असेल तर बंद कप्प्याचं रशियन गिरमिट वेगळं घ्यावं. त्यात 50 सेंटिमीटरचा अर्धगोल गाभा फारसा न दबता मिळतो. लाकडाचे तुकडे किंवा खडे असलेल्या थरात मात्र ते जोर लावून फिरवू नये. पातं वाकलं की कप्पा पुन्हा घट्ट मिटत नाही आणि वरचा चिखल आत शिरतो.