जामार हँड डायनामोमीटर: एमओटीच्या थिसिससाठी घ्यावा का?

ऑक्युपेशनल थेरपीत एमओटीला (पदव्युत्तर पदवीला) प्रवेश घेतला आणि कल हँड थेरपीकडे किंवा जेरियाट्रिक्सकडे (वृद्धांच्या उपचारांकडे) असला, की सिनॉप्सिसमध्ये (थिसिसच्या आराखड्यात) 'आउटकम मेजर्स'खाली, म्हणजे परिणाम कशाने मोजणार त्याखाली, एक ओळ हमखास येते: ग्रिप स्ट्रेंथ, जामार डायनामोमीटरने. म्हणजे हाताच्या पकडीची ताकद, ती मोजायच्या जामार नावाच्या यंत्राने. गाइड त्यावर काही बोलत नाहीत, एथिक्स कमिटीही सहसा अडवत नाही. अडचण होते थेट व्हायव्हात (तोंडी परीक्षेत). हँडल कितव्या खाचेत होतं? कोपर कसा ठेवला होता? यंत्र शेवटचं कधी तपासलं? जामार घ्यायचा की नाही हे ठरवताना हे तीन प्रश्न डोळ्यांपुढे ठेवलेले बरे.

इथे हायड्रॉलिक, म्हणजे आतल्या तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जामारबद्दलच बोलायचं आहे. गोल डायल, त्यावर किलो आणि पाउंड अशी दोन मापं, कमाल 90 किलो म्हणजे 200 पाउंड. हँडलच्या पाच जागा 35 मिलिमीटरपासून साधारण 86 मिलिमीटरपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या अंतराने. डायलवर दुसरा काटा असतो, तो सर्वांत जास्त आलेल्या आकड्यावर थांबून राहतो. पेशंटने हात सोडल्यावरही रीडिंग निवांत घेता येतं, बॅटरी लागत नाही, आणि ओपीडीच्या गर्दीत ही सोय फार मोलाची आहे.

याची एक खोड नव्या पेशंटला हमखास गोंधळात टाकते: हँडल जवळजवळ हलतच नाही. प्लास्टर काढून महिना झालेल्या काकू दाबून बघतात आणि म्हणतात, "अहो, हे दबतच नाहीये, अडकलंय वाटतं," आणि जोर अर्ध्यावर सोडून देतात. तो आकडा वाया गेला. म्हणून आधी स्वतः दाबून काटा कसा सरकतो ते दाखवा, मग चांगल्या हाताने एकदा दाबायला सांगा, आणि मोजणी त्यानंतरच सुरू करा. अंगठी काढायला लावा. ती बोटात रुतली की माणूस दुखतं म्हणून पकड सैल करतो.

मोजण्याची रीत अमेरिकन सोसायटी ऑफ हँड थेरपिस्ट्सने ठरवून दिलेली आहे, तीच पाळा. पाठ टेकलेली खुर्ची, पाय जमिनीवर. खांदा अंगालगत, आत-बाहेर न वळवता. कोपर 90 अंशांत, पंजा ना पालथा ना उताणा, मनगट 0 ते 30 अंश मागे वळलेलं. हँडल दुसऱ्या जागी, म्हणजे साधारण 48 मिलिमीटरवर. यंत्र खालून हलका आधार देऊन धरायचं, नाहीतर अशक्त हाताची अर्धी ताकद यंत्र पेलण्यातच जाते. तीन ते पाच सेकंद दाबणं, मध्ये किमान 15 सेकंद विश्रांती, तीन वेळा, आणि तिन्हींची सरासरी. काही जण तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा घेतात. तेही चालतं, पण पहिल्या पेशंटपासून शेवटच्यापर्यंत एकच पद्धत हवी आणि ती सिनॉप्सिसमध्ये लिहिलेली हवी. सूचनेचे शब्दही ठरवून टाका: "दाबा, अजून दाबा, अजून... सोडा." एका पेशंटला ओरडून चेव आणायचा आणि दुसऱ्याला हळू आवाजात सांगायचं, असं झालं तर फरक हाताचा की आवाजाचा हे कुणी सांगू शकणार नाही.

सर्वाधिक चुका हँडल बसवताना होतात. हँडल काढून दुसऱ्या जागी लावताना त्याची क्लिप डायलपासून लांबच्या दांडीवर यायला हवी. उलटं बसवलं तरी ते बसतं, दिसायलाही ठीक दिसतं, पण रीडिंग चुकतं. मागच्या बॅचने उलटं लावून ठेवलेलं यंत्र कपाटातून काढलं आणि तसंच वापरलं, तर तीस-चाळीस पेशंट होईपर्यंत पत्ता लागत नाही. रोज सकाळी पहिल्या पेशंटआधी क्लिप बघायची. दर वेळी दाबण्याआधी थांबणारा काटा हाताने शून्यावर आणायचा, हे तर सांगायलाच नको (तरी विसरलं जातंच).

दुसरी गोची डायलची. किलोच्या मापावर दोन रेघांमध्ये 2 किलो असतात. थिसिसच्या मास्टर चार्टमध्ये (सगळ्या पेशंटच्या आकड्यांच्या तक्त्यात) 17.3 किलो असा एकट्या मोजणीचा आकडा दिसला, की परीक्षक चष्मा सावरतात. एक किलोपर्यंत वाचा, डोळा डायलच्या समोर आणा, कारण तिरकं बघितलं की काटा शेजारच्या रेघेवर दिसतो. किलो आणि पाउंड यांची सरमिसळ तर एका शीटमध्येही होते. एकच माप ठरवा.

कॅलिब्रेशन (यंत्र बरोबर आकडा दाखवतंय का याची तपासणी) वर्षातून एकदा हवंच, आणि यंत्र पडलं की लगेच. मनगटाचा पट्टा त्यासाठीच आहे. घरच्या घरी तपासायचं असेल तर यंत्र घट्ट टांगा, हँडलच्या मधोमध पट्टा अडकवा आणि 10, 20, 30 किलो वजनं लावून रीडिंग लिहा. व्यायामाच्या प्लेटवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, आधी त्या चांगल्या वजनकाट्यावर तोलून घ्या. दाब सोडल्यावर मुख्य काटा (थांबणारा नव्हे) शून्यावर येत नसेल, हँडल लचकत असेल, किंवा डायलखाली तेलकट चिकटा दिसत असेल, तर सीलमधून तेल गळतंय. तिथे पाना-पेचकस चालवू नका, दुरुस्ती आणि नवीन सर्टिफिकेट दोन्ही लागतील.

हे यंत्र कुणासाठी नाही, तेही बघा. सांधे सुजलेल्या ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या पेशंटला धातूचं कडक हँडल दुखतं आणि काटा तळाशीच रेंगाळतो, जिथे जामारचा भरवसा मुळात कमी आहे. तिथे रक्तदाबाच्या यंत्राचा कफ गुंडाळून, 20 मिलिमीटर पाऱ्यापर्यंत फुगवून, दाबल्यावर तो किती चढतो ते मोजणं बरं. फक्त ते आकडे किलोत बदलू नका. फ्लेक्सर टेंडन (बोटं मिटवणारी कंडरा) शस्त्रक्रियेने जोडलेल्या हाताला साधारण 12 आठवड्यांआधी जोराने दाबायला सांगणं म्हणजे टाके तुटायला आमंत्रण. इन्क्लूजन क्रायटेरियामध्ये (अभ्यासात कुणाला घ्यायचं त्या अटींमध्ये) हे स्पष्ट लिहा.

पाचही जागांवर मोजून आलेख काढला, की निरोगी हाताचा घंटेसारखा येतो आणि सपाट आला तर पेशंट मुद्दाम कमी दाबतोय, असं अजूनही शिकवलं जातं. नुकसानभरपाईच्या केसमध्ये एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. खरोखर दुखणाऱ्या किंवा फार अशक्त हाताचाही आलेख सपाटच येतो.

आकड्यांचा अर्थ लावताना आणखी एक खड्डा आहे. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधक मॅथिओवेट्झ यांचे नॉर्म्स (निरोगी लोकांचे तुलनेसाठीचे आकडे) सगळे वापरतात. ते अमेरिकेत मिलवॉकी परिसरातल्या 310 पुरुष आणि 328 स्त्रियांवरून काढलेले आहेत. विदर्भातल्या किंवा मुंबईच्या पेशंटला ते थेट लावले, तर धडधाकट माणूसही अशक्त ठरू शकतो. स्ट्रोक नसलेल्या, एकाच हाताच्या दुखापतीत दुसऱ्या हाताशी तुलना करा. मुख्य हात 10 टक्के जास्त ताकदवान असतो हा नियम उजव्या हातवाल्यांना लागू पडतो, डावखुऱ्यांचे दोन्ही हात बरेचदा सारखेच निघतात. जेरियाट्रिक्सचा विषय असेल तर आशियाई सार्कोपेनिया (वयानुसार स्नायू आणि ताकद घटणं) गटाच्या 2019 च्या, पकड अशक्त ठरवायच्या मर्यादा घ्या: पुरुष 28 किलोंच्या खाली, स्त्रिया 18 किलोंच्या खाली. आणि 'पी व्हॅल्यू' (फरक निव्वळ योगायोग असू शकतो का, हे तपासणारा आकडा) 0.05 च्या खाली आली म्हणून लगेच हरखून जाऊ नका. पेशंटला जाणवेल असा फरक 5 ते 6.5 किलोंच्या आसपास धरला जातो. तुमची 2 किलोंची सरासरी वाढ त्याला पुरत नाही.

स्वस्त डिजिटल डायनामोमीटर जामारच्या अगदी थोड्या किमतीत मिळतात आणि स्क्रीनवर 0.1 किलोपर्यंत आकडा दाखवतात. बऱ्याच मॉडेलांत हँडल चाक फिरवून पुढेमागे होतं, म्हणजे 'दुसरी जागा' असा प्रकारच नाही. पट्टीने 48 मिलिमीटर मोजून पेनाने खूण करावी लागते. एकाच पेशंटची आधी-नंतर तुलना करायला ते चालतील, पण आकडे जामारच्या नॉर्म्सशी ताडून बघायला नकोत. आधीची मोजणी एका यंत्रावर आणि नंतरची दुसऱ्यावर, असं तर मुळीच नको.

तर विकत घ्यावा का? विद्यार्थ्याने स्वतःच्या खिशातून नको. कॉलेजच्या हँड क्लिनिकमध्ये बहुतेक ठिकाणी एक असतोच. सिनॉप्सिस देण्याआधी त्याचा सीरियल नंबर आणि कॅलिब्रेशनची तारीख विचारा, सर्टिफिकेटचा झेरॉक्स घ्या, आणि तारीख तुमच्या डेटा गोळा करण्याच्या मुदतीत संपत असेल तर एचओडींकडे (विभागप्रमुखांकडे) आत्ताच अर्ज टाका. नंतर स्वतःची प्रॅक्टिस काढायची असेल आणि हँडचे पेशंट नियमित येणार असतील, तर हायड्रॉलिक जामारच घ्या. सेकंडहँड घेताना तेलाचा चिकटा आणि शून्यावर न येणारा मुख्य काटा, एवढं दुकानातच तपासून घ्या.