दर्यावर जाणाऱ्याचे अपेंडिक्स: कुडाळजवळच्या एका छोट्या रुग्णालयातील शस्त्रक्रिया-सेवा

यंदाच्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या भाच्याला आंत्रपुच्छाचा, म्हणजेच अपेंडिक्सचा त्रास झाला आणि कुडाळजवळच्या तीस खाटांच्या एका खासगी रुग्णालयात आम्ही तीन रात्री काढल्या. तेथील शस्त्रक्रिया-सेवा कशी आहे, हे सिंधुदुर्गातील इतर कुटुंबांना कळावे म्हणून हे लिहीत आहे. ज्या उणिवा सांगणार आहे त्या एकाच अनुभवातून दिसलेल्या आहेत, म्हणून रुग्णालयाचे नाव देत नाही. मी मालवण तालुक्यात गेली तीस वर्षे औषधांचे दुकान चालवतो, त्यामुळे काही गोष्टींकडे माझे लक्ष इतरांपेक्षा जास्त गेले असेल.

भाचा सव्वीस वर्षांचा आहे आणि ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्यामुळे तो घरी होता. सकाळी बेंबीभोवती दुखू लागले तेव्हा बहिणीने वात धरला असेल असे समजून ओवा दिला आणि पोटाला गरम तेल चोळले. संध्याकाळपर्यंत दुखणे उजवीकडे खाली सरकले, दोन उलट्या झाल्या आणि अंगात कणकण आली. बेंबी व उजव्या कमरेचे हाड यांच्यामधली ती ठरावीक दुखरी जागा न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये वर्णन केली. आजही तपासणाऱ्याचे बोट प्रथम तेथेच जाते.

रात्री साडेआठला आम्ही पोहोचलो. सर्जनने स्वतः पोट तपासले, रक्त घेतले, सोनोग्राफी केली आणि अपेंडिक्स सुजल्याचे सांगितले. इथवर सगळे अपेक्षेप्रमाणे झाले. पुढे मात्र त्यांनी जे केले ते मी आजवर कोणत्याही रुग्णालयात पाहिलेले नाही. त्यांनी खुर्ची ओढली, भाच्यासमोर बसले आणि सांगितले की या आजारावर आज दोन मान्य मार्ग आहेत, एक शस्त्रक्रियेचा आणि दुसरा फक्त प्रतिजैविकांचा, आणि कोणता कोणासाठी योग्य यावर जगभरातील सर्जनांचे अद्याप एकमत नाही. नातेवाईकांना बाजूला घेऊन ‘उशीर केलात तर फुटेल’ एवढेच सांगून सही घेण्याची पद्धत सर्वत्र रुळलेली असताना, रुग्णाशी असे बोलणे हीच या सेवेतील सर्वांत मोठी गोष्ट आहे असे मी मानतो.

हा वाद काय आहे ते थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. १७३५ मध्ये लंडनमध्ये क्लॉडियस अम्यांड यांनी पहिले अपेंडिक्स काढल्याची नोंद आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ‘अपेंडिक्स सुजले की काढायचे’ हा नियमच झाला. त्याला मोठा धक्का फिनलंडच्या ‘अ‍ॅपॅक’ चाचणीने दिला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सीटी स्कॅनने गुंतागुंत, म्हणजे फुटणे किंवा पू होणे, नसल्याची खात्री केलेले ५३० रुग्ण होते. ज्यांना फक्त प्रतिजैविके दिली, त्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली आणि पाच वर्षांत हे प्रमाण ३९ टक्क्यांपर्यंत गेले. उरलेल्या सुमारे ६० टक्क्यांना पाच वर्षांत शस्त्रक्रिया लागली नाही. त्यानंतर अमेरिकेतील २५ रुग्णालयांतून १,५५२ रुग्णांची ‘कोडा’ चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत प्रतिजैविके घेतलेल्यांपैकी दर दहांतील तिघांना नव्वद दिवसांच्या आतच शस्त्रक्रिया लागली. ज्यांच्या अपेंडिक्समध्ये विष्ठेचा खडा अडकलेला होता त्यांच्यात हे प्रमाण ४१ टक्के, तर खडा नसलेल्यांत २५ टक्के होते.

सर्जनने यातील मोजके आकडे सांगितले आणि लगेच जोडले की हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावता येत नाहीत. त्याची त्यांनी सांगितलेली कारणे मला एक औषधविक्रेता म्हणून पूर्णपणे पटली. अ‍ॅपॅकमध्ये तीन दिवस शिरेतून अर्टापेनेम आणि मग सात दिवस लिव्होफ्लॉक्सॅसिन व मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या असा क्रम होता. आपल्या देशात आतड्यांतील जंतू लिव्होफ्लॉक्सॅसिनच्या गटातील औषधांना मोठ्या प्रमाणावर दाद देत नाहीत, कारण ती औषधे आपण वर्षानुवर्षे जुलाबापासून लघवीच्या जळजळीपर्यंत कशालाही वापरली. शिवाय हाच गट क्षयावरही काम करतो. लहान आणि मोठे आतडे जेथे मिळते, त्या उजव्या खालच्या कोपऱ्यात क्षय आपल्याकडे अनेकदा आढळतो आणि तो अपेंडिक्ससारखाच दुखतो. म्हणजे गोळ्यांनी दुखणे थांबले तरी खाली क्षय दबून राहू शकतो. फिनलंडमधल्या सर्जनला हा विचार क्वचितच करावा लागत असेल.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो, कारण माझ्या दुकानात असे प्रश्न येतात. या चाचण्यांतील उपचार तपासणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शिरेतील औषधाने सुरू झाले होते. पोट दुखते म्हणून दुकानातून गोळ्या नेणे आणि प्रतिजैविकांनी अपेंडिक्सवर उपचार करणे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

गुंतागुंत आहे की नाही आणि खडा आहे की नाही, हे ठरवायला सीटी स्कॅन हवा होता, आणि इथे या सेवेची पहिली मोठी उणीव समोर आली. रुग्णालयात सीटी यंत्र नाही. भर पावसात, रात्री दहा वाजता, वीस किलोमीटरवरच्या केंद्रात जावे लागले. रुग्णालयाची स्वतःची रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला गोव्यातील बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेली होती, म्हणून आम्ही आमच्याच गाडीतून, सलाईनची बाटली हातात धरून गेलो. सोबत परिचारिका दिली नव्हती. अहवाल वाचणारे तज्ज्ञ दुसऱ्या शहरातून ऑनलाइन पाहतात, त्यामुळे दीड तास थांबावे लागले. यंत्र घेणे तीस खाटांच्या रुग्णालयाला परवडणार नाही हे मी समजू शकतो. पण रुग्णासोबत एक माणूस पाठवणे त्यांना शक्य होते आणि त्यांनी ते करायला हवे होते.

स्कॅनमध्ये खडा नव्हता आणि अपेंडिक्स फुटलेलेही नव्हते. म्हणजे दोन्ही मार्ग खरोखर खुले होते. सर्जनने भाच्याला विचारले की बंदी उठल्यावर होडी किती दिवसांच्या फेरीला जाते. चार-पाच दिवस, असे त्याने सांगितले आणि मग स्वतःच म्हणाला, “दर्यात असताना परत दुखूक लागला तर मी खंय जाऊ?” निर्णय तिथेच झाला. बँकेत नोकरी करणाऱ्या आणि सावंतवाडीच्या बाजारपेठेत राहणाऱ्या माणसाने त्याच रात्री, त्याच अहवालावर प्रतिजैविकांचा मार्ग निवडला असता तर तोही बरोबरच ठरला असता, असे सर्जनने आवर्जून सांगितले. पाच वर्षांत दहांपैकी चौघांना पुन्हा त्रास होतो, या वाक्याचा अर्थ बाजारपेठेत घर असलेल्याला एक आणि किनाऱ्यापासून कित्येक तास दूर जाळे ओढणाऱ्याला दुसराच असतो.

बहिणीचा आग्रह होता की मग रात्रीच करून टाका. भूलतज्ज्ञ सकाळी येणार होते आणि सर्जनने सकाळी दहाची वेळ दिली. सोय नाही म्हणून वेळ काढत आहेत असे मलाही क्षणभर वाटले. नंतर मी वाचले की फिनलंड व नॉर्वेतील १,८०० हून अधिक रुग्णांच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुंतागुंत नसलेले अपेंडिक्स आठ तासांत काढले काय किंवा चोवीस तासांत काढले काय, फुटण्याच्या प्रमाणात फरक पडला नव्हता. हेच त्या रात्री दोन वाक्यांत सांगितले असते तर माझी बहीण पहाटेपर्यंत व्हरांड्यात जागी बसली नसती. एवढे चांगले बोलणारा माणूस इथे का थांबला, हे मला समजले नाही.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, तीन छिद्रांतून झाली. जर्मनीतील कुर्ट सेम यांनी १९८० मध्ये अपेंडिक्स प्रथम अशा रीतीने काढले आणि सहकाऱ्यांची टीका सोसली. आपल्याकडे दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणून ती शहराबाहेर पोहोचावी म्हणून झटणारे डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतातील पहिले पित्ताशय दुर्बिणीतून काढले. ते तंत्र आज कुडाळच्या आडरस्त्यावर, वीज गेली की जनरेटरवर चालते, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

आता ज्या गोष्टीसाठी मी या रुग्णालयाला सर्वाधिक गुण देईन तिच्याकडे येतो. आदल्या रात्री मी सर्जनना विचारले होते की टाके घालण्यापूर्वी हातमोजे आणि अवजारे बदलता का. त्यांनी माझ्याकडे थोडे आश्चर्याने पाहिले आणि सांगितले की गेली दोन वर्षे पोटाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत बदलतो, मग ती उघडी असो वा दुर्बिणीची. या प्रश्नामागे ‘चीता’ नावाची चाचणी आहे. भारतासह सात देशांतील ८१ रुग्णालयांत, पोटाच्या शस्त्रक्रियेच्या १३ हजारांहून अधिक रुग्णांवर ती झाली आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. पोट बंद करण्यापूर्वी सर्वांनी हातमोजे बदलायचे आणि बंद करण्यासाठी वेगळी निर्जंतुक अवजारे घ्यायची, एवढाच तिच्यातील उपाय होता. जखम पिकण्याचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. फरक लहान दिसतो, पण तो मोज्यांच्या काही जोड्यांनी आणि अवजारांच्या एका जास्तीच्या संचाने मिळालेला आहे. पोटावरची जखम पिकली म्हणजे रोज ड्रेसिंगसाठी एसटीने तालुक्याला खेप, बुडालेली मजुरी आणि माझ्यासारख्याच्या दुकानातील आणखी एक महागडे इंजेक्शन असा हिशेब असतो.

याच संशोधक गटाची त्याआधीची ‘फाल्कन’ चाचणी २०२१ मध्ये आली होती. भारतातील तिचे काम लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने झाले. त्वचा निर्जंतुक करण्यासाठी महागडे अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिन आणि जंतुनाशक लेप असलेला धागा वापरल्याने आपल्यासारख्या देशांत जखमा कमी पिकतात का, हे तीत तपासले आणि साध्या पोव्हिडोन आयोडीन व साध्या धाग्याच्या तुलनेत फायदा दिसला नाही. म्हणजे जे महाग होते त्याने काही साधले नाही आणि जे स्वस्त होते त्याने साधले. श्रीमंत देशांतील नियमावली डोळे झाकून उचलू नये आणि आपल्या रुग्णालयांत आपण मोजावे, हे यातून कळते. माझ्या मते पचनमार्गाच्या शस्त्रक्रियेतील गेल्या दशकातील हे सर्वांत मोलाचे काम आहे. कुडाळच्या या रुग्णालयात महागड्या धाग्याचे पैसे बिलात लावलेले नव्हते, हेही मी पाहिले.

शस्त्रक्रियेनंतर सहा तासांनी परिचारिकेने भाच्याला उठवून चालवले आणि उकड्या तांदळाची पेज दिली. १९८० च्या दशकात माझ्या वडिलांचे आतड्याचे ऑपरेशन झाले तेव्हा नाकात नळी होती आणि वात सरेपर्यंत चार दिवस ओल्या कापसाने फक्त ओठ भिजवले जात. आतड्यांना विश्रांती हवी हा तो समज डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात मोडून काढायला सुरुवात केली. लवकर खाणे, लवकर चालणे आणि नळ्या कमीत कमी ठेवणे यांनी माणूस लवकर सावरतो हे आता मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांतही मान्य झाले आहे. येथे पेज रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून, चिमूटभर मीठ घालून, कोमट येते आणि तिचे वेगळे पैसे लागत नाहीत.

घरी सोडताना मात्र कागदावर पाच दिवसांची दोन प्रतिजैविके लिहिलेली होती. अपेंडिक्स फुटलेले नसताना शस्त्रक्रियेपूर्वीचा एक डोस पुरतो आणि नंतर औषध देऊ नये, अशी २०२० च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांची शिफारस आहे. मी विचारले तेव्हा सर्जनने मान्य केले की फुटलेले नव्हते, पण रुग्ण लांब राहतो, पावसाळा आहे, म्हणून धीर होत नाही. त्यांची भीती मला कळते. तरीही ज्या औषधांची धार बोथट झाल्याचे त्यांनी स्वतःच पहिल्या रात्री सांगितले, तीच औषधे अशा भीतीने बोथट होत जातात, हे मी त्यांना तोंडावर सांगितले आणि येथेही लिहितो. चर्चेनंतर त्यांनी एक औषध खोडले.

बिल ४८ हजार रुपये झाले, सीटीचे पैसे वेगळे. प्रत्येक बाब स्वतंत्र लिहिलेली होती. काढलेले अपेंडिक्स तपासणीसाठी कोल्हापूरला पाठवले गेले. क्षय किंवा गाठ नसल्याचा अहवाल अकराव्या दिवशी फोनवर मिळाला, कागद मात्र दोनदा मागावा लागला. जखमा कोरड्या आहेत आणि भाचा ऑगस्टच्या पहिल्या फेरीला होडीवर गेला.

रात्री पोटदुखी घेऊन तेथे जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात: रुग्णवाहिका जागेवर आहे का, आणि सीटी केंद्र त्या वेळी चालू आहे का. दोन्ही उत्तरे नकारार्थी असतील आणि ताप चढत असेल, तर १०८ ला फोन करून थेट सीटी असलेल्या रुग्णालयात जावे.