पीव्हीबी की आरपी? स्प्रिंकलरच्या बॅकफ्लो व्हॉल्व्हची तुलना
बागेतलं खतमिश्रित पाणी पिण्याच्या लाइनीत उलटं शिरू नये, हे काम दोन्हींचं: पीव्हीबी म्हणजे प्रेशर व्हॅक्यूम ब्रेकर, आरपी म्हणजे रिड्यूस्ड प्रेशर व्हॉल्व्ह. तपासायला पीव्हीबी सोपा: टेस्ट कॉक (दाब मोजायचं यंत्र जोडायच्या छोट्या तोट्या) दोनच. हवेची झडप किमान १ पीएसआयला (पाउंड प्रति चौरस इंच, दाबाचं माप) उघडली आणि चेक व्हॉल्व्हने (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) किमान तेवढा दाब धरला, की पास. पण तो फक्त शोषून येणारं पाणी अडवतो, मागून दाबाने ढकललेलं नाही. शिवाय सर्वांत उंच स्प्रिंकलरच्या १२ इंच वर हवा. उताराच्या बागेत ही डोकेदुखीच.

आरपीला चार कॉक, दोन चेक, मध्ये रिलीफ व्हॉल्व्ह (पाणी बाहेर सोडणारी झडप). पहिल्या चेकच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक २ पीएसआयखाली जाण्याआधी हा रिलीफ उघडायला हवा. चाचणी वेळखाऊ, पण खताचा पंप जोडला असेल तर आरपीच घ्या. रिलीफ गळतोय? बहुधा पहिल्या चेकमध्ये कचरा असतो. आधी साफ करा.