न्यू जर्सीत दिवाणी दावा: राज्य न्यायालय की फेडरल न्यायालय?

भारतात दिवाणी दावा रक्कम आणि हद्द पाहून ठरावीक न्यायालयात दाखल होतो व पुढे अपिलाच्या एकाच शिडीने वर जातो. अमेरिकेत अशा दोन शिड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत: एक राज्याच्या न्यायालयांची, दुसरी फेडरल म्हणजे केंद्रीय न्यायालयांची. न्यू जर्सीतील एडिसनमध्ये राहणाऱ्या एखाद्याला कराराच्या किंवा अपघाताच्या भरपाईसाठी दावा लावायचा असेल, तर कोणते न्यायालय बरे, हे ठरवण्याआधी फेडरल न्यायालय आपल्याला आत घेईल का, हे पाहावे लागते.

राज्याच्या सुपीरियर कोर्टाला जवळजवळ कोणताही दिवाणी वाद चालतो. फेडरल न्यायालयात जाण्याचे मुख्य मार्ग दोनच आहेत. पहिला, दावा फेडरल कायद्यातून उद्भवलेला असणे. आणि तो प्रश्न वादीच्या स्वतःच्या तक्रारीत असावा लागतो, प्रतिवादी बचावात फेडरल कायदा आणेल एवढ्याने भागत नाही. रेल्वेने आजीवन मोफत पास बंद केल्यावर दावा लावणाऱ्या मॉटली दांपत्याला १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले, आणि तेही कोणी हरकत घेतलेली नसताना. दुसरा मार्ग, वादी व प्रतिवादी भिन्न राज्यांचे नागरिक असणे, किंवा एक बाजू परदेशी असणे, आणि वादाची रक्कम व्याज व खर्च वगळून ७५,००० डॉलरहून अधिक असणे.

आपल्याकडची मंडळी चुकतात ती या दुसऱ्या मार्गावर. एच-१बी व्हिसावरील भारतीय नागरिक न्यू जर्सीच्या नागरिकावर फेडरल न्यायालयात दावा लावू शकतो. पण त्याच गल्लीत राहणाऱ्या ग्रीन कार्डधारकाला, प्रतिवादी त्याच राज्याचा असल्याने, ते दार बंद आहे. दोन्ही बाजू परदेशी नागरिकांच्या असतील तरीही ते उघडत नाही. सर्वांत विचित्र अवस्था अमेरिकन नागरिकत्व घेऊन पुण्यात कायमचे स्थायिक झालेल्याची: तो कोणत्याच राज्याचा नागरिक राहत नाही आणि परदेशीही ठरत नाही, त्यामुळे हा मार्ग त्याला मिळतच नाही. तक्रारीसोबतच्या फॉर्मवर अधिकारक्षेत्राच्या आधारासाठी चार चौकटी असतात. तेथे खूण करण्यापूर्वी प्रत्येक पक्षकाराचा अधिवास, म्हणजे त्याचे कायमचे घर कोणत्या राज्यात आहे, ते तपासावे. ‘रहिवासी’ एवढे लिहिणे पुरत नाही, ‘नागरिक’ म्हणावे लागते.

दोन्ही दारे उघडी असतील तर फरक व्यवहाराचा उरतो. कायदा बदलत नाही: फेडरल कायद्याचा प्रश्न नसेल तर १९३८ पासून फेडरल न्यायाधीशही राज्याचाच कायदा लावतात. दाखल शुल्क फेडरलमध्ये ४०५ डॉलर आहे, सुपीरियर कोर्टात २५०. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती ज्यूरी. न्यू जर्सीच्या दिवाणी खटल्यात सहापैकी पाच जणांचे एकमत पुरते, तर फेडरलमध्ये, पक्षकारांनी वेगळे ठरवले नसेल तर, सर्वांचे लागते. वादीसाठी हा फरक लहान नाही.

निवड फक्त वादीच्या हाती नसते, हेही ध्यानात ठेवावे. राज्य न्यायालयात लावलेला दावा फेडरल न्यायालयात चालण्याजोगा असेल, तर प्रतिवादी समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत तो वर्ग करून घेऊ शकतो. मात्र आधार केवळ भिन्न राज्यांचा असेल आणि प्रतिवादी न्यू जर्सीचाच नागरिक असेल, तर त्याला ती मुभा नाही.

दार उघडे असल्याची खात्री नसेल तर सुपीरियर कोर्टात जावे, असे माझे मत आहे. अधिकारक्षेत्राचा दोष पक्षकारांच्या संमतीने भरून निघत नाही, आणि तो अपिलातही उकरता येतो. १८०४ मध्ये तर हरलेल्या वादीनेच स्वतःच्या तक्रारीतील ही उणीव दाखवून निकाल रद्द करून घेतला होता. शारीरिक इजेच्या दाव्याला न्यू जर्सीत साधारणपणे दोनच वर्षांची मुदत असते, आणि चुकीच्या न्यायालयात गेलेले महिने त्यातच मोजले जाण्याचा धोका असतो.